तामूच्या माडीवरचे पाहुणे

मार्राकेशची गाडी समुद्रकाठच्या आमच्या स्वीरात येऊन थांबली की उतरणाऱ्याला समुद्राच्या आधी किल्ल्यांचा आवाज ऐकू येतो. घरातली जादा खोली भाड्याने देणारी माणसं थांब्यावर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत उभी असतात. सात-आठ बाप्ये आणि त्यांच्यात एकच बाई, तामू; आदराने सगळे लल्ला तामू म्हणतात.

तिचा नवरा सार्डिनच्या होडीवर खलाशी होता, छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नाही. तटाच्या आत माझ्या वाणसामानाच्या दुकानासमोर एक अरुंद दुमजली घर मागे राहिलं. खाली ती स्वतः राहायची आणि माडीवरची खोली चालवायची. त्या खोलीवरच तिची चूल पेटायची.

गिऱ्हाईक पटलं की घरापर्यंतच्या वाटेवर तिची जीभ थांबत नसे. "बंदरावरच्या टेबलांवर बसू नका, तिथे माशाबरोबर तुम्हालाही भाजतात. आत मासळीबाजारात जा, वजन करून घ्या, शेजारचा भाजून देतो. पाव माझ्याकडून न्या. इथल्या वासाच्या लाकडाची डबी घ्यायची असेल तर आधी नाकाशी धरा. वास नाही आला तर लाकूड रंगवलेलं आहे, उठून चालू लागा. आणि तटावर संध्याकाळी जा, पण टोपी खोलीवर ठेवून. वारा टोप्या पोर्तुगालला पाठवतो."

तेव्हा नियम असा होता, की बाई आणि बाप्याला एका खोलीत उतरायचं तर लग्नाचा कागद दाखवायचा. परदेशी पाहुण्यांना कोणी विचारत नसे, आपल्याच माणसांना विचारत. त्या वर्षी उन्हाळ्याआधी कुठल्याशा जोडप्याने तामूला दुसऱ्याच कुणाचा कागद दाखवून फसवलं होतं. मोहल्ल्यात कोण येतं-जातं त्याची नोंद ठेवणारा सरकारी मुकादम सी अल्लाल येऊन सांगून गेला, "लल्ला, या वेळी सोडतो. पुन्हा बिनकागदाचं जोडपं वर सापडलं तर खोलीला कुलूप." तेव्हापासून तामू नाव विचारायच्या आधी कागद विचारायची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी थांब्याच्या बाकावर डोंगराकडचं एक म्हातारं जोडपं बसलेलं तिला दिसलं. म्हातारीच्या एका डोळ्यावर जाळीची वाटी चिकटवलेली. आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढला होता, सकाळी तिथून सोडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचं होतं. गाव दोन गाड्या बदलून, वर तासभर खेचरावर. दोन हॉटेलांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

तामूची आई त्याच डोंगरातली, त्यामुळे तिला त्यांची बोली येत होती. "काका, ओळखपत्रं आहेत?"

म्हाताऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन्ही काढून दिली. नावं बिही आणि किल्तूम.

"आणि लग्नाचा कागद?"

"कागद कसला? फातिहा म्हटली, बोकड कापला, बारा माणसं साक्षीला हुती. त्यातली नऊ मेली. ऱ्हायलेली तीन आणू का बोलावून?"

किल्लीवाले खो खो हसले. ब्रिक नावाचा एक मोठ्याने म्हणाला, "म्हाताऱ्या, पळवून तर नाही ना आणलीस?"

"पळून येनारी असती तर चाळीस वर्सं डोंगरात कशाला काढली असती?"

"जमायचं नाही, काका," तामू म्हणाली आणि निघाली.

पण त्या दिवशी वारा रेती घेऊनच आला होता. चार पावलांवर तामूने वळून पाहिलं. बिहीने आपला जाडा झगा उघडून म्हातारीचं डोकं आत घेतलं होतं आणि डोळ्यात औषध घालायला बघत होता. पहिला थेंब वाऱ्याने नेला, दुसराही.

तामू परत आली. "उठा. पण नीट ऐका. मी तुम्हाला खोली देत नाहीये. तुम्ही माझे पाहुणे."

"पैसं किती?"

"पैसे घेतले की भाडं झालं. भाडं झालं की कागद आला. पैसे नाहीत."

"मंग न्हाय यायचं. फुकटात मी सख्ख्या भावाकडं ऱ्हात न्हाय."

झग्यातून किल्तूमचा आवाज आला. "भाऊ ठिवून घेत न्हाय, त्ये सांग की." मग तोंड बाहेर काढून म्हणाली, "चल गुमान. पाव्हना म्हनून जायाचं तर वाटंत साखर घे."

कुणाच्या घरी जायचं तर आमच्याकडे निळ्या कागदातला साखरेचा सुळका नेतात, एकेक दोन किलोचा. बिही माझ्या दुकानात आला आणि चार मागितले.

"काका, दोन पुष्कळ झाले. चार लग्नाला नेतात."

"मंग चारच दे. सकाळधरनं समदी त्या लग्नाच्याच मागं लागल्यात."

त्याचा एक हात म्हातारीला धरायला लागत होता, म्हणून साखर मी पोचवली. चहासाठी थांबलो. चहा उकळतो न उकळतो तोच दार वाजलं. थांब्यावरून कुणीतरी बातमी पोचवली होती. दारात सी अल्लाल, काखेत वही.

तामूने किटली ताटात ठेवली.

"लल्ला तामू, कोण आलंय?"

"पाहुणे."

"कुठले?"

"माझ्या आईच्या गावाकडचे."

"नातं?"

उत्तर बिहीने दिलं, डोळ्याची पापणी न हलवता. "मी मामा."

"आणि या?"

"मामाची बायकू. म्हंजी मामीच की."

"कागद आहे?"

"भाचीच्या घरी यायला कागद लागतो व्हय?"

सी अल्लाल खाली बसला. त्याने तामूकडे पाहिलं, साखरेकडे पाहिलं. "लग्न कधी झालं, मामा?"

"टोळ आलं हुतं त्या साली."

"काय बोलतूस!" किल्तूम कडाडली. "टोळ आलं तवा थोरला माझ्या पोटात हुता. लगीन त्याच्या आदल्या साली. खेचर मेलं तवा."

"खेचर मेलं न्हाय. तुझ्या बानं मला द्यायचं कबूल केल्यालं आन् बाजारात इकलं."

"मेलं! मी सोता बघितलं."

"मेल्यालं खेचर पुढच्या वर्सी बाजारात कसं दिसलं मला?"

"बाचं नाव काढू नगंस, सांगून ठिवते!"

मुकादमाचा चहा निवला. त्याने दोनदा हात वर केला, पण मध्ये घुसायला फट मिळेना. तेवढ्यात खिडकीतून तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग आली, म्हणजे औषधाची वेळ झाली. बिही बोलता बोलता उठला, हात धुतले, म्हातारीची हनुवटी वर केली, वाटी अलगद उचलली आणि औषधाचा थेंब घातला. ती तशीच, मान वर करून, खेचराचा रंग कोणता होता ते सांगत राहिली. त्याने बाहीने तिच्या गालावर ओघळलेलं टिपलं आणि म्हणाला, "करडं न्हवतं, काळं हुतं."

सी अल्लालने वही उघडली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "तामूचे मामा बिही, मामी किल्तूम. दवाखान्याच्या कामासाठी भाचीकडे." वही मिटली. "नोंद झाली, लल्ला. आता हे तुझे मामा. पुढे कधी यांच्याकडून भाडं घेतलंस असं कानावर आलं तर तुझी खोली गेलीच, वर खोटं लिहिलं म्हणून माझीही चामडी जाईल."

"नाही घेणार."

"आणि मामा, लग्न कोर्टात नोंदवून घ्या. दरवेळी खेचराची गोष्ट ऐकायला मला वेळ नाही."

खोली वाचली. पुढचा सबंध हिवाळा तामू नेहमीसारखी थांब्यावर उभी होती.

वसंतात दुसऱ्या डोळ्याची पाळी आली. या खेपेला बिही थांब्यावर रेंगाळलाच नाही. बायको, सून, दोन नातवंडं आणि डोंगरातल्या अर्गान बियांच्या तेलाचा डबा घेऊन तो थेट गल्लीत आला आणि "माझ्या भाचीचं घर ह्येच न्हवं?" असं सगळ्या शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. सुट्ट्यांचे दिवस होते. एका खोलीला तिप्पट भाडं मिळत होतं. तामूने त्यांना वर चढवलं, मग माझ्या दुकानात येऊन पोत्यावर बसली.

"किती दिवस म्हणतात?" मी विचारलं.

"आठ. सुनेला समुद्र बघायचाय."

"मग आता?"

"आता काय? मामा आहे माझा. नोंद झालीय."

तेवढ्यात रबातचं एक तरुण जोडपं पत्ता विचारत आलं. पोराने आपण होऊन कागद पुढे केला, शिक्क्यासकट, नवाकोरा. तामूने तो हातात घेऊन नीट वाचला, परत दिला आणि त्यांना दोन गल्ल्या पलीकडे खोली देणाऱ्या एका विधवेचं घर दाखवलं. मासळी कुठे घ्यायची तेही सांगितलं. मग उठून दारात जाऊन वर ओरडली, "मामा, पोरांना जिन्यावरून उड्या मारायला देऊ नका! आणि जेवायला काय करू?"