एका तिकिटावर तीन गाड्या

मुंबईहून जळगावला नेणारं विमान इतकं लहान होतं, की आत शिरताना मी डोकं वाकवलं आणि तरीही ते दारावर आपटलंच. हवाई सुंदरीने हसू दाबलं. वीस वर्षं विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईला दारातून आत यायचं कळू नये, हे तिला माहीत नव्हतं म्हणून बरं. माझं काम सगळं कागदावरचं. परदेशी कंपन्यांशी भागीदारीचे करार, नकाशे, बैठका, पुन्हा नकाशे. प्रवासी म्हणजे माझ्यासाठी तक्त्यातला एक रकाना. जिवंत प्रवाशाशी बोलून मला किती वर्षं झाली असतील, ते मलाच सांगता आलं नसतं.

तासाभरात खाली तापीचं पात्र दिसलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा. हिवाळ्याचं ऊन कोवळं होतं. जळगावचा विमानतळ एवढा आटोपशीर, की विमानातून उतरून चालत बाहेर आले तर समोर भाऊ उभेच.

भाऊ म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे थोरले भाऊ. रावेर ते जळगाव या रस्त्यावर त्यांच्या दोन मोठ्या जीपा चालतात. गेल्या वर्षी ते मुलीकडे कॅनडाला जाऊन आले. तिकीट एकच, पण विमानं तीन आणि तीन वेगळ्या कंपन्यांची. मुंबईत दिलेली बॅग थेट मुलीच्या गावी हाती आली. मधल्या विमानतळांवर त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण हातातला कागद बघून लोक बोट दाखवत गेले आणि भाऊ पोचले. तेव्हापासून त्यांना एका प्रश्नाने झपाटलं होतं आणि त्याचं उत्तर द्यायला त्यांनी मला बोलावलं होतं.

"ताई, त्या तिन्ही कंपन्या एकमेकींच्या गिऱ्हाइकावर टपलेल्या," रावेरच्या वाटेवर जीप चालवताना त्यांनी विचारलं, "मग माझी बॅग एकीनं दुसरीच्या हातात दिली कशी?"

मी सांगायला लागले. विमान कंपनीला वाटेल तिथं उडता येत नाही. दुसऱ्याच्या देशात शिरायला परवानगी लागते, आणि तिथल्या दोन गावांमध्ये प्रवासी ने-आण करायची मुभा तर सहसा मिळतच नाही. बाहेरच्या कंपनीने इथली कंपनी सरळ विकत घ्यावी, तर बरेच देश तेही होऊ देत नाहीत. म्हणजे कितीही मोठी कंपनी असली तरी तिचं घोडं कुठे ना कुठे अडतंच. म्हणून त्या संघ करतात. प्रत्येकीची विमानं, माणसं, मालक वेगळे. पण तिकीट एक, बॅगेवरची चिठ्ठी एक, आणि एकीचा प्रवासी तो सगळ्यांचाच प्रवासी.

"आणि हा संघ वाढतो कसा?"

"नकाशावर कोरी जागा दिसली की. त्या भागातली एखादी कंपनी हेरायची. आधीच्या सभासदांपैकी कुणीतरी तिची हमी घेतो, सोयरिकीत मध्यस्थ असतो तसा. मग तिची विमानं, तिची शिस्त तपासायची, संगणक जोडायचे. वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आणि कधी कधी लग्न लागतं, कधी मोडतं."

केळीचे घड लादलेला एक ट्रॅक्टर पुढे डुलत चालला होता, त्याच्यामागे भाऊ जीप हाकत राहिले. मग म्हणाले, "आमचाही संघ जवळजवळ जमला आहे. एक गडी अडून बसला आहे."

तो गडी म्हणजे धुळ्याचे आबा. भाऊंची जीप रावेरहून जळगावला, तिथून शेठजींची मिनीबस धुळ्याला, आणि धुळ्याहून आबांची गाडी साक्रीच्या पलीकडच्या डोंगराकडल्या गावांना. तिघांचं एक तिकीट करायचं, असा भाऊंचा बेत. शेठजी तयार झाले. आबांनी मात्र अट घातली होती. एक प्रवासी पाठवून दाखवा. लिहिता-वाचता न येणारा, एकटं न जाणारा. त्याला वाटेत एकदाही 'आता कुठं जाऊ?' असं विचारावं लागलं नाही तर मी आलो. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

हा प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी रावेरला माझ्याआधी येऊन जीपमध्ये बसला होता. अक्का. सत्तरीच्या, ठेंगण्या, मांडीवर गाठोडं. त्यांची धाकटी बहीण साक्रीपलीकडे दिलेली. नवरा होता तोवर तो दरवर्षी घेऊन जायचा. तो गेल्यापासून सहा वर्षं दोघी बहिणी एकमेकींना दिसल्या नव्हत्या. धाकटीचे गुडघे गेलेले, आणि अक्का एकट्या निघायला धजत नव्हत्या.

"फोनवर बोलते ना वं मी," त्या मला म्हणाल्या. "पन फोनात तिचं तोंड कुठी दिसते? मुलं म्हनतात नेऊ, नेऊ. त्याइले सवड नही. एकली गेली आन् भलत्या गाडीत बसली त?"

भाऊंनी त्यांच्या हातात जाड पुठ्ठ्याचं तिकीट दिलं. त्यावर ओळीने तीन पट्टे होते, हिरवा, पिवळा आणि लाल. प्रत्येक गाडीच्या काचेवर तिचा तिचा पट्टा. वाचता आलं नाही तरी रंग दिसतो. आमच्याकडे संघाचं एक चिन्ह ठरवायला तीन सल्लागार आणि कित्येक बैठका लागल्या होत्या. मी ते भाऊंना सांगितलं नाही.

मी सोबत होते ती नुसती बघायला. अक्कांना काहीही सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. जीप निघाली. वाटेत मी भाऊंना मोठ्या तोऱ्यात समजावलं, की या सगळ्या धंद्याची मेख असते ती दोन गाड्यांमधल्या वेळेत. तो फार ठेवला तर माणूस कंटाळतो आणि कमी ठेवला तर गाडी चुकते. आम्ही तो मिनिटांत मोजतो. भाऊ मान डोलावत होते. शेठजींची गाडी साडेबाराला सुटणार होती आणि आम्ही पावणेबाराला पोचत होतो. उत्तम, मी म्हटलं.

आणि असोदा आलं.

असोद्याला भाऊंची सासुरवाडी. रस्त्यालगतच्या शेतात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर हिरवी वांगी भाजत होती. भाऊंच्या मेहुण्याने जीप ओळखली आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. खानदेशात हिवाळ्यात भरीत चालू असताना मुंबईची पाहुणी शेजारून उपाशी निघून गेली, तर त्या घराला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "दहा मिनिटं, ताई."

त्यांना नाही म्हणू शकणारी एकच व्यक्ती तिथे होती, आणि तिच्या नाकात त्या भाजक्या वांग्यांचा वास शिरला होता. मी उतरले. बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) वांगी ठेचली गेली, वर हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी माझ्यासारखीला बघूनच रचली असणार. बाकीचे प्रवासीही जेवले, तक्रार कुणीच केली नाही. घड्याळ बघितलं ते हात धुताना.

जळगावला पोचलो तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. पिवळ्या पट्ट्याची गाडी गेली होती.

शेठजी आपल्या छोट्या कचेरीच्या दारात उभे होते. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या जळगावात. "गाडी वेळेवर सुटली, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "चूक तुमची. पण अक्का आपल्या तिकिटावर आल्या, म्हणजे माझ्या पाहुण्या. दोनच्या गाडीत खिडकीजवळ बसवतो." त्यांनी अक्कांसाठी खुर्ची आणि पाणी मागवलं. दोनची गाडी धुळ्याला चारला पोचणार होती. आबांची शेवटची गाडी साडेतीनला सुटायची.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी कार मागवतो. अर्ध्या तासात निघू, साडेतीनच्या आत पोचू. आबांना काही कळायचं नाही."

मला मोह झाला, हे कबूल करते. चूक जेवढी त्यांची तेवढी माझीही होती, आणि ती झाकली गेली तर मला हवंच होतं. अक्का खुर्चीत बसून पुठ्ठ्यावरच्या पिवळ्या पट्ट्यावरून बोट फिरवत होत्या. त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण विचारायच्या बेतात होत्या. कारने त्या आज पोचल्या असत्या. पण पुढच्या वेळी? पुढच्या वेळी कार नसणार.

"भाऊ," मी म्हटलं, "आमच्याकडे विमानाला उशीर झाला की कित्येकदा प्रवाशाच्या आधी पुढच्या कंपनीला निरोप जातो. सगळा संघ त्या निरोपावर उभा असतो. बाकीचं सगळं रंगकाम. आबांना फोन करा आणि भरीत खात बसलो होतो, असंच सांगा."

भाऊंनी फोन लावला. आवाज मोठा ठेवला. सगळं सांगितलं, वांग्यांसकट.

"अक्का जेवनी का?" आबांनी विचारलं.

"जेवली, आबा."

"मंग या. मी गाडी थांबाडस."

शेठजींनी ते ऐकलं आणि अक्कांजवळ जाऊन वाकून सांगितलं, "गाडी दोनला आहे, अक्का. धुळ्याची गाडी तुमच्यासाठी थांबली आहे." अक्कांनी मान हलवली आणि गाठोडं पायाशी ठेवलं. विचारायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

भाऊ जीप घेऊन मागे फिरले. धुळ्यापर्यंतचा रस्ता सरळ आणि ऊन सुखाचं होतं, पण मला ते काही भोगता आलं नाही. विमान कंपन्यासुद्धा एका माणसासाठी विमान सहसा थांबवत नाहीत, पुढच्याने पाठवतात. इथं पुढची गाडी उद्या होती. चारला पाच कमी असताना आम्ही उतरलो, आणि कडुनिंबाखाली लाल पट्ट्याची गाडी उभी दिसली. आत नऊ-दहा माणसं कंटाळून बसलेली. पांढरी टोपी घातलेले उंच आबा बाहेर उभे होते. अक्कांनी कुणाकडेही न बघता पट्टा शोधला, तिकिटाशी ताडून पाहिला आणि सरळ गाडीत चढल्या.

"अर्धा तास व्हयना (झाला), आबा," आतून एकजण कुरकुरला.

"सहा वरीसनंतर बहीनले भेटाले चालनी ती," आबा म्हणाले. "तुले अर्धा तास जड व्हयना?"

तो माणूस सरकला आणि अक्कांना खिडकी दिली.

गाडीत चढण्याआधी आबा माझ्याकडे वळले. "ताई, माले वाटे, चूक व्हयनी का बठ्ठा दुसराकडे बोट दखाडतीन. (चूक झाली की सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतील, असं मला वाटायचं.) आज चूक व्हयनी, आनि जेन्ही कयी त्यानीच फोन कया. (ज्याने केली त्यानेच फोन केला.)" पुढे त्यांनी एवढंच म्हटलं, "मी येस तुम्हना मेळम्हा. (मी येतो तुमच्या संघात.)"

संध्याकाळ कलता कलता त्या डोंगराकडल्या गावी पोचलो. धाकटी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, दुपारपासून. तिला उठता येईना. अक्का भराभर गेल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. धाकटीने थोरलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नुसतं बघत राहिली. मला तिथे उभं राहवेना. मी गाडीमागे जाऊन रडले.

पुढचे तीन दिवस मी धुळ्यात आबांकडे राहिले. शेवभाजी खाल्ली, इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणाला कारण सांगावं लागलं नाही. आबा आता भाऊंपेक्षा उतावीळ झाले होते. नवापूरकडे गाड्या चालवणाऱ्या एका ओळखीच्याला घ्यायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, घाई नको, तो वेळ पाळतो का, ते आधी बघा. "मी त्यान्हा जामीन शे," आबा म्हणाले. मला हसू आलं. जगातल्या मोठमोठ्या संघांनी जी पद्धत कायद्याच्या जाडजूड कागदांत बसवली, ती आबांनी एका वाक्यात उरकली होती. ज्याला आत आणायचं, त्याच्या चुकीला आपण उभं राहायचं.

परतीला मी शेठजींच्या मिनीबसने जळगावला निघाले, आणि धुळ्याला त्याच गाडीत अक्का चढल्या. मागून आबा आणि त्यांचा ड्रायव्हर धाकटीला दोन्हीकडून धरून चढवत होते. तिच्याही हातात पुठ्ठ्याचं तिकीट. माहेराला जाऊन तिला किती वर्षं झाली होती, ते मी विचारलं नाही. वाटभर अक्का तिला खिडकीतून गावं दाखवत होत्या, निम्मी चुकीची.

संघ का वाढतात, यावर मी आयुष्यभर अहवाल लिहिले. कोऱ्या जागा, स्पर्धा, बाजार. त्यातलं काही खोटं नाही. पण कुणीतरी एकदा बिनघोर पोचतं, आणि दुसऱ्यांदा कुणाला तरी बरोबर घेऊन निघतं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं.

जळगावला उतरलो. भाऊंची जीप उभी होती. अक्का धाकटीला घेऊन तिकडे निघाल्या, तेवढ्यात हातात पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई त्यांना आडवी आली आणि घाबऱ्या आवाजात विचारू लागली, रावेरची गाडी कोणती.

"हिरवा पट्टा पाहाय," अक्का म्हणाल्या. "भ्यू नको. माह्यासंगं चाल." मग मागे वळून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे पाहाय, हे मुंबईची बाई. इले काहीच माहीत नव्हतं. इले बी मीच नेलं व्हतं धुळ्याले."

ती बाई माझ्याकडे खात्रीसाठी बघू लागली.

"हो," मी म्हटलं, "अक्कांनीच नेलं."