तिसऱ्या ट्रॅकवरची गिटार

आधीच सांगून टाकतो — भुतंखेतं, करणी, मुंजा, असल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि अजूनही नाही. असले अनुभव मी वाचतो ते बहुतेक वेळा चिडायलाच. ‘अंगावर काटा आला’ म्हणे. अरे, काटा थंडीनेही येतो. तरी हे लिहितोय, कारण मागे एका ओळखीच्या माणसाने माझीच गोष्ट चारचौघांत सांगितली आणि शेवटी ‘किती छान ना, मित्राने माफ केलं’ असा साखरेचा पाक ओतला. माझी सटकली. माफी वगैरे काही नाही त्यात. झालं ते असं...

साल चौऱ्याण्णव. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमची दीड खोली. मी एकवीस वर्षांचा, बी.कॉम. कसाबसा झालेलो आणि डोक्यात फक्त हेवी मेटल. जोडीदार राजन, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याचे वडील लहानपणीच गेलेले. आई, हिरामावशी, नौपाड्याच्या बाजारात मासळी विकायची. राजन माझ्यापेक्षा चांगली गिटार वाजवायचा. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आमचा स्टुडिओ म्हणजे गाद्यांचं कपाट. खालच्या मजल्यावरच्या बाई शाळेत शिकवायच्या, त्या सकाळी बाहेर पडल्या की दहा ते बारा आमचे. ॲम्प विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याकडून बनवून घेतलेला — बारा इंची स्पीकर घातलेला लाकडी खोका. तो कपाटात घालायचा, चारी बाजूंनी गोधड्या कोंबायच्या आणि स्पीकरसमोर माईक लावायचा. माईक एकच, तोही एका ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना. रेकॉर्डर मात्र झकास होता. माझ्या जहाजावरच्या मामेभावाने आणलेला, एका कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येणारा. पहिल्या ट्रॅकवर मी, तिसऱ्यावर राजन, हे ठरलेलं.

आता भांडणाचं मूळ. दसऱ्याला आईने ॲम्पची पूजा केली आणि स्पीकरच्या कापडावर बरोब्बर मधोमध हळदकुंकवाचं बोट लावलं. मला आयती खूण मिळाली. रोज त्या कुंकवावर माईक रोखायचा, म्हणजे आवाज रोज सारखा येईल. राजनला ते अजिबात पटेना. त्याचं म्हणणं, मधोमध आवाज चावतो, माईक चार बोटं काठाकडे सरकव, तिथे तो भरतो. स्पीकरला कान लावून तो जागा शोधायचा, आमच्या आईला वाटायचं ह्याचा कान दुखतोय. शेवटी तह झाला. माझ्या वेळी माईक कुंकवावर, त्याच्या वेळी काठावर. कॅसेट ऐकली की आंधळ्यालाही कळावं, कोण कुठला. माझी गिटार पत्र्यासारखी, त्याची जड आणि ओली. मला ते ऐकू येत होतं. कबूल करायचं नव्हतं, इतकंच.

एके संध्याकाळी नौपाड्यात चहाच्या टपरीवर दुसऱ्या बँडची दोन पोरं भेटली. टोन कसा काढता, असं त्यांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडतोय तेवढ्यात राजन म्हणाला, “ह्याला काय विचारता? ह्याची आई कुंकू लावते तिथे हा माईक लावतो. कान नाय रे ह्याला.”

पोरं चहा सांडेपर्यंत हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आईवरून बोलला म्हणून नाही... खरं बोलला म्हणून. मी तिथून तडक घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कॅसेट लावली आणि तिसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. काहीही न जोडता. राजनने वाजवलेलं जे काही होतं ते एवढ्या एकाच कॅसेटवर होतं, दुसरी प्रत नव्हती. साडेचार मिनिटं मी समोर बसून ते पुसलं गेलेलं पाहिलं. मध्येच थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. आणि वर चहाही करून प्यायलो.

दोन महिने आम्ही बोललो नाही. मग त्याला कावीळ झाल्याचं कळलं. म्हटलं, बघू, पुढच्या आठवड्यात जाऊ. कशाला आधी जायचं? मी काय त्याचा नोकर होतो? नऊ दिवसांत तो गेला.

तेराव्याला मी कोळीवाड्यात गेलेलो. हिरामावशीने मला कोपऱ्यात घेतलं. रडून रडून आवाज बसला होता तिचा. म्हणाली, “माझे राजनचा वाजवलेला हाय ना तुझ्याकरं? मना आयकव एकदा.”

मी हो म्हणालो. काय करणार होतो? ‘पुसलं’ म्हणायला छाती लागते, ती नव्हती.

मग मी जे केलं त्याची आजही शिसारी येते. नवी कोरी कॅसेट आणली, वेष्टण स्वतः फाडलं, आणि राजनचा भाग मीच वाजवायला बसलो. त्याच्या नावावर खपवायला. मावशीला काय कळतंय, सगळा धडाड्धूम तर आहे, असा माझा हिशेब. माईक लावला तो कुंकवावरच. त्याच्यासारखा आवाज काढायचा होता, तर काठावर लावायला हवा होता ना? पण नाही. तो मेला तरी माझा हट्ट जिवंत. पहिल्या ट्रॅकवर एकदाच वाजवलं. दुसऱ्या कडव्यानंतर एका ठिकाणी बोट घसरलं, चार ठोके वाया गेले, पुन्हा उचललं. परत करायचाही कंटाळा केला. मग घरातल्या टेपवर वाजेल अशी साध्या कॅसेटवर प्रत काढली. ऐकून पाहिली. एक गिटार होती, माझी. हे मी कोर्टात शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीकडे गेलो. ती ओट्यावर बोंबील साफ करत बसलेली. तिचा टू-इन-वन टेप खिडकीत ठेवला, कॅसेट लावली. ती काम थांबवून, हात तसेच धरून ऐकत होती. एवढा कर्कश आवाज, शेजारच्या बायका बघायला लागल्या, पण हिचा चेहरा हलला नाही. संपल्यावर म्हणाली, “फुरचा वाजवतंय त्यो तू. मागचा माझा राजन.”

मी म्हटलं, मावशी, एकच गिटार आहे.

“त्याचा हात मना कलतो. याच पायरीवर बसून दिवसभर वाजवायचा त्यो. परत लाव.”

परत लावली. आणि मला ऐकू आलं. माझ्या पत्र्याच्या मागे दुसरी गिटार होती. जड, ओली.

कॅसेट खिशात घातली आणि मी घरी धावलो. रेकॉर्डरवर मूळ कॅसेट लावून एकेक ट्रॅक वेगळा करून ऐकला. पहिल्यावर मी. दुसरा आणि चौथा कोरा. तिसऱ्यावर राजन. कुणी म्हणेल, जुनं नीट पुसलं गेलं नसेल, तेच राहिलं असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण ही कॅसेट नवी होती. आणि जिथे माझं बोट घसरलं, चार ठोके वाया गेले, तिथे ती दुसरी गिटारही थांबली होती. माझ्यासाठी. मी पुन्हा उचललं तेव्हाच तिने उचललं. राजन जिवंतपणी चुकलेल्यासाठी कधी थांबायचा नाही, शिव्या घालायचा.

मला भीती वाटली नाही. राग आला. इतका, की कपाटातला ॲम्प लाथेने पाडला. लेका, एवढं होतं तर चहाच्या टपरीवर का नाही सांभाळून घेतलंस? मी चोरी करायला बसलो तेव्हाच आलास साथ द्यायला? आणि मी तुला बघायला आलो नाही, त्याचं काय?

चार दिवसांनी मी पुन्हा मावशीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. टपरी, पुसलेली कॅसेट, खोटं वाजवलेलं, सगळं. ही कॅसेट तुमची, म्हणून तिच्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, रडेल. किंवा डोक्यावरून हात फिरवेल... हो, मी त्याचीच वाट बघत होतो, इतका मी निर्लज्ज.

तिने कॅसेट उचलून माझ्या हातात परत दिली.

“त्यानं माझे घरात बसून जो शिकलान, जो वाजवलान, त्यो तू पुसलास. ह्यो तुझ्यासाठी वाजवून गेला. ह्यो मना नको. आनि परत हितं येव नको.”

मी गेलो नाही. काही वर्षांनी ती वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही.

कॅसेट माझ्याकडे आहे. दोन इंजिनिअरांना ऐकवली, दोघांनी दोन कारणं दिली, त्या थांबलेल्या चार ठोक्यांपाशी दोघांनीही टेप मागे फिरवून पुन्हा लावली. ती गिटार तिसऱ्या ट्रॅकवर कशी आली, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि कुणी ‘माफी’ म्हणालं तर मी उठून जातो. एका आईकडे मुलाच्या हातचं चार मिनिटांचंही काही उरलं नाही. त्याचं कारण मात्र मला पक्कं माहीत आहे. त्यात अमानवीय काही नव्हतं, बटण मी दाबलं होतं.