पेवावरचे दोन हात

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई महादेवी, चित्र लई छान काढतात असं कुणी म्हणलं की त्या चिडायच्या. "चित्र कशाचं गं? त्या वर्साचं हाय ते," म्हणायच्या.

दरसाल नागपंचमीच्या आधी ओट्यावरची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची, काडीला कापूस गुंडाळायचा आणि गेरूनं तेच काढायचं. जळकोटात बाकीच्यांच्या भिंतीवर नाग, नागाची पिल्लं, नांगर. आमच्याकडं नागाच्या शेजारी रझाकाराचं वर्स. दार लावून दळणाऱ्या बाया. सगळी गल्ली मिळून आडावर चाललेली, कारण एकटीनं पाण्याला जायची सोय नव्हती. कधी पळावं लागंल म्हणून फडक्यात बांधून ठेवलेल्या भाकरी. एक गाढव. ते कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "होतं की!" आणि सगळ्यात खाली पेव. जमिनीतल्या ज्वारीच्या त्या खड्ड्यात एक पोरगी, आणि वर तोंडावर फरशी सरकवणारे दोन हात.

हात त्यांच्या भावाचे, सिद्धारामचे. पोलीस ॲक्शनच्या आधी गावावर धाड आली, तेव्हा त्यानं आठ वर्सांच्या बहिणीला पेवात उतरवलं. "बैल सोडून आणतो, गप बस," म्हणला आणि फरशी ओढली. ती काढली दुसऱ्याच कुणीतरी. निजामाचं राज्य गेलं, झेंडा लागला. बैल आपला आपण घरी आला. भाऊ आला न्हाय.

फोटो न्हाय, काही न्हाय. तोंडही आत्याबाईंना आठवायचं न्हाय. हात तेवढे आठवायचे, उजव्या करंगळीचं पेर तुटलेलं होतं त्यासकट. एकदा म्या म्हणलं, "आत्याबाई, एवढं सुंदर आलंय, राहू द्या की. पुसता कशाला?"

"पुसून परत काढायला बसलं की तो येतो गं. नुसतं बघून येत न्हाय."

गेल्या साली मुक्तिदिनाला गावात पाहुणे येणार, भिंत बघणार असं ठरलं आणि आमच्या मालकांच्या अंगात आलं. आत्याबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला लेकीकडं गेलत्या. ह्यांनी नळदुर्गाहून बोर्ड रंगवणारा पेंटर आणला.

"पाहुण्यांना काय नुसते हात दाखवायचे? मामा हुतात्मा हायेत माझे!"

"अहो, बैल आणायला गेलते ते!"

"तुला काय कळतंय? गप बस."

झालं. ऑइलपेंटनं फेटा आला, झुपकेदार मिशा आल्या, एका हातात बंदूक, दुसऱ्यात तिरंगा. बाया गेल्या, आड गेला, गाढव गेलं. पेव मामांच्या बुटाखाली गेलं. जन्मात कधी बूट घातला नसंल त्या पोरानं!

आत्याबाई काळा चष्मा लावून आल्या. बराच वेळ बघितलं.

"ह्यो कोण?"

"मामा, आई! तुझा सिद्धाराम!"

"त्याला मिसरूड फुटलं नव्हतं रे, वीरभद्रा."

बस्, एवढंच. रडल्या न्हाईत, रागावल्या न्हाईत. पाहुण्यांनी हार घातला, शाल दिली, फोटो काढले. जिथं बसवलं तिथं त्या बसल्या. माझंच डोकं सणकलं. रात्री ह्यांच्यावर तोंड सोडलं, पण त्यानं काय होतंय? वर्सभर आत्याबाई जेव म्हणलं की जेवल्या, नीज म्हणलं की निजल्या.

औंदा पंचमी आली. म्या पांढरी माती कालवून भिंत पोतारली. ऑइलपेंटवर माती कुठली धरतीया? वाळली की पोपडे पडले, आणि पहिल्या मिशा बाहेर आल्या. मग खुरपं घेतलं. गिलावा निघाला तरी चालंल म्हणून सगळं खरवडलं, नवीन माती लिंपली, पुन्हा पोतारलं. हे बघत राहिले.

आत्याबाईंच्या हातात काडी दिली. बाया आल्या. आड आला. गाढवसुद्धा आलं. पेव आलं, पेवातली पोरगी आली. मग हातांपाशी काडी थांबली. त्यांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

"काय झालं आत्याबाई?"

"ह्योच येतो गं. मिशावाला."

"गेरू वाळायलाय," म्या म्हणलं.

"वाळू दे," म्हणाल्या, आणि काडी वाटीत ठेवून आत गेल्या.

पेवाचं तोंड औंदा उघडंच हाय.