पांढरा रुमाल, तांबूस संध्याकाळ

गावातल्या निम्म्या संसारांच्या भिंतीवर रुमालकाकांनी काढलेला एक तरी फोटो आहे. काकांचं खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. लग्नाच्या हॉलवर पोचले की काका आधी खिशातून पांढराशुभ्र, इस्त्री केलेला रुमाल काढतात आणि नवरीच्या हातात देतात. म्हणतात, "चेहऱ्याजवळ धर. हसायची घाई नको, हा फोटो तुझा नाही, रुमालाचा आहे."

त्यात जादूबिदू काही नाही. बल्बचा उजेड पिवळा, ट्यूबलाइटचा हिरवट. आपले डोळे ते आपसूक सांभाळून घेतात, कॅमेरा बिचारा गोंधळतो. त्यातून हॉल अंधारा असला की विचारूच नका, नवरी कावीळ होऊन उठल्यासारखी दिसते. म्हणून काका कॅमेऱ्याला रुमाल दाखवून बजावतात, हा पांढरा, आता बाकीचं यावरून ओळख. मग साड्या, फुलं, चेहरे, सगळं आपापल्या रंगात येतं. घरी जाऊन कॉम्प्युटरवर रंग दुरुस्त करत बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "फोटो कॅमेऱ्यातच झाला पाहिजे. नंतर दुरुस्त करायचा तर मी तिथे काय जेवायला गेलो होतो?"

अशा माणसाची एकुलती एक लेक नाटकात गेली. काकांनी कपाळाला हात लावला. बरं, गेली तर गेली, निदान स्टेजवर दिसेल! तर ही बाई दिवे करायला मागच्या अंधारात. "फोटोवाल्याची पोर आणि एका फोटोत नाही," असं ते बायकोपाशी कुरकुरत. पण बाहेर कुणी विचारलं की "आमची मुलगी लाइट्स करते" म्हणताना छाती फुगायची ती फुगायचीच.

एका मोठ्या नाटक कंपनीने तिच्या कामाचे फोटो मागवले. पसंत पडले तर तिला तिथे घेणार होते. अशी संधी काही रोज दारात येत नाही, आणि चालू नाटकाचे तर दोनच प्रयोग उरले होते. "बाबा, तुम्ही काढाल?" लेकीने विचारलं. कामासाठी तिने बापाकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. काकांनी पुसलेलीच लेन्स पुन्हा पुन्हा पुसली.

प्रयोगाआधी त्यांनी एकेका प्रवेशाचे दिवे लावून घेतले आणि दर वेळी नटाच्या हातात रुमाल दिला. प्रयोगात फ्लॅश चालणार नव्हता, उजेड बेताचा. कोपर बरगडीला टेकवून, श्वास रोखून त्यांनी फोटो काढले. एकही हलला नाही.

"बघ!" दुसऱ्या दिवशी स्टुडिओत त्यांनी लेकीसमोर फोटो मांडले. "कुठे पिवळेपणा सापडला तर नाव बदलेन."

लेकीने त्यातला एक फोटो उचलला. म्हणाली, "बाबा, या प्रवेशात किती वाजलेत?"

"असतील बारा-एक. ऊन चांगलं आहे."

"संध्याकाळ आहे, बाबा. शाळा कायमची बंद झालीय आणि मास्तर रिकाम्या वर्गात एकटेच बसलेत. आणि हा पुढचा, हा पहाटेचा आहे."

काकांनी फोटो पुन्हा पाहिले. संध्याकाळ नाही, पहाट नाही, जिकडे तिकडे भर दुपार. लेकीने जीव ओतून चढवलेले रंग त्यांनी रुमालाने स्वच्छ पुसून टाकले होते.

"कॉम्प्युटरवर जरा पिवळं करून बघू," ती हळूच म्हणाली. ती बापाला सांभाळून घेत होती, आणि तेच काकांना जास्त लागलं. त्या दिवशी बायकोने दोनदा हाका मारल्या तरी ते जेवायला उठले नाहीत.

शेवटच्या प्रयोगाला ते सगळ्यांच्या आधी थिएटरवर हजर होते. "तुझ्या एका दिव्यावरचा रंगीत कागद काढ आणि तो नुसता लाव," त्यांनी लेकीला सांगितलं. "आता त्याच्यासमोर रुमाल धर. तूच धर." तिने धरला. काकांनी बटण दाबलं. "झालं. तुझ्या नुसत्या दिव्याला मी पांढरा मानला. आता पडदा पडेपर्यंत रंगांना हात लावायचा नाही. तू तांबूस केलंस तर तांबूस येईल, निळं केलंस तर निळं."

"लावाल हात. मी ओळखते तुम्हाला."

"मग रुमाल तुझ्याकडेच ठेव."

मास्तरांचा प्रवेश आला. भिंत तांबूस होऊ लागली तशी काकांची बोटं शिवशिवली. सवयीने हात खिशात गेला. खिसा रिकामा. मग नाइलाजाने त्यांनी कॅमेऱ्यातून नुसतं बघितलं, आणि दिसलं तसं टिपलं. ऊन बाकांवरून सरकत फळ्यावर चढलं, मास्तरांच्या पांढऱ्या केसांत क्षणभर थांबलं आणि कुणाला कळायच्या आत विझलं. शेजारचा प्रेक्षक नाक ओढत होता. ही संध्याकाळ माझ्या पोरीने केलीय, त्याला गदागदा हलवून सांगावं असं काकांना वाटलं. पण त्यांनी फोटो हलू दिला नाही.

फोटो जसे काढले तसेच गेले, आणि लेकीची निवड झाली. जाताना रुमाल ती बरोबर घेऊन गेली. काकांनी नवा आणला.

मास्तरांचा फोटो आता स्टुडिओच्या काचेत, मधोमध लावलेला आहे. परवा एक होणारी नवरी फोटो ठरवायला आली आणि त्याच्यापुढे थबकली. "काका, याच्यात सगळंच तांबूस आलंय. रुमाल विसरला होतात का?"

"विसरतोय कसला!" काका खुर्चीतून उठलेच. "संध्याकाळ आहे ती. माझ्या मुलीने केलेली."