काठोकाठ चहा

आत्याने कुणाला कधी अर्धा कप चहा दिला नाही. पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात काठोकाठ भरलेल्या कपांचा ट्रे घेऊन ती ओल्या मूर्तींच्या मधून यायची आणि थेंबही सांडत नसे. मी रोह्याची. वडील कंपनीत शिफ्टला, त्यामुळे आमच्याकडे चहा म्हणजे दोन घोट मारून पळायचं. नव्वदच्या सुमारास नवी सून म्हणून आले आणि पहिला चहा केला, तर आत्या कपात डोकावून म्हणाली, "सूनबाय, बाकीचा रोह्यालाच ठेवलास काय गो?" असा राग आला होता मला.

आत्या नात्याने कुणाचीच आत्या नव्हती. ती मूर्तींचे डोळे आखायची. धरमतर खाडीकाठी, मिठागरांच्या आड, एक वाडी होती. भरतीला बांध बुडाला की तिचा बाकी जगाशी संबंध संपला. आत्या तिथली. सोयरिकी वाडीतल्या वाडीतच व्हायच्या आणि तिथे एक दुखणं होतं, त्याला सगळे 'थरथर' म्हणत. चांगलं धडधाकट माणूस, चाळिशी ओलांडली की हात थरथरायचे, मग चाल जायची, मग बोलणं, आणि वर्ष-दीड वर्षात माणूसच. मुंबईचे डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेले. मेंदूचा आजार आहे, घराण्यातून येतो, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो आणि औषध नाही, असं सांगून गेले. "जगात नाय ती वस्तू आमच्याकडं हाय," आत्या म्हणायची, "पण मेली कोण विकत घेत नाय." तिची आई थरथरीनेच गेली होती, आणि थोरला भाऊही.

म्हणून त्या वाडीत मुलगी बघायला आलेली माणसं नाक-डोळे बघत नसत, चहा बघत. काठोकाठ भरलेला कप पोरीने आणायचा. सांडला की पाहुणे उठले. बिचारीचा हात लाजून थरथरला असला तरी लग्न मोडलंच. असल्या अडाणी परीक्षेवर मी तावातावाने बोलले, तर आत्या शांतपणे म्हणाली, "मी पास झाले व्हते गो. अजून रोज बसते परीक्षेला." त्यानंतर तिचा ट्रे येताना मला बघवायचं नाही आणि न बघता राहवायचंही नाही.

एका वर्षी मूर्तींवर रंग चढायला लागला होता आणि आत्याने चहा आणला तो अर्धा अर्धा कप. "दूध कमी आलं," म्हणाली. चहावरून रोज कुरकुरणारे माझे सासरे कप उचलून म्हणाले, "बरं झालं. मलाही हल्ली पित्त होतं." दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कारखान्याला पित्त झालं. आत्या काही दूधखुळी नव्हती. "सगळेच रोह्याचे झालात व्हय," एवढंच म्हणाली, आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून डोळे आखत राहिली. मी मागे जाऊन रंगाच्या डब्यांशी उगाच खुडबुड केली.

गणपती गेले तशी ती वाडीवर गेली आणि परत आली नाही. थंडीत ओहोटी बघून मी तिला भेटायला गेले. आत्या खाटेवर होती. हातपाय ताब्यात नव्हते, शब्द तुटत होते, डोळे मात्र तेवढेच मिश्कील. मी तिच्याच चुलीवर चहा केला आणि हट्टाने काठोकाठ भरला. चुलीपासून खाट हातभर लांब. पण मला रडू फुटलं, हात ऐकेना, चहा बशीत आला आणि बशीतून माझ्या साडीवर.

आत्याने ते सगळं नीट बघून घेतलं. मग एकेक शब्द गोळा करत म्हणाली, "सांडलास गो. आता... तुला... कोण करून घेईल?"