आबांचा पानडबा उचलणारी माती

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पुण्याला इंजिनिअरिंग शिकताना मातीचं शास्त्र नावाची नवलाई नुकतीच कानावर पडली होती. माती दाबली तर किती दबते, भिजली तर किती फुगते, हे म्हणे मोजता येतं! त्या उन्हाळ्यात आमच्या गावी, किन्हीराजाला, घरी आलो तेव्हा माती राहू द्या, मीच केवढा फुगलेलो होतो.

घरात वहिनीचा जीव एका स्वयंपाकघरात अडकला होता, आणि ते अजून बांधायचं होतं. आमची चूल बैठकीला लागून, मधे नुसता पडदा. आबांकडे माणसं बसली की सुनेनं खोकायचंही नाही, धूर गिळायचा. परसात जागा होती, पण तिथं गावाची पांढरी संपून काळी माती लागायची. माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, एकच पालुपद : "काळी पेराची, पांढरी राहाची. काळीवर भिंत टिकत नाही."

"आबा, हे ऐकीव झालं. मी प्रयोग करून दाखवतो!" आणि पडद्याकडे असं पाहिलं, जणू घर बांधूनच दिलं.

बुडाला भोकं पडलेली धान्य मोजायची जुनी अधोली घेतली. तिच्यात परसातली कोरडी काळी माती बत्त्यानं ठासून भरली. वर लाकडाची चकती, चकतीवर वजन म्हणून आबांचा पितळी पानडबा. अधोली पाण्याच्या परातीत ठेवली आणि डब्यावर थोडं अंतर सोडून दोन खांबांना आडवा दोरा बांधला. एवढ्या वजनाखाली माती काय हलणार!

जेवणं होईतो अंतर निम्मं झालं. उन्हं कलली आणि डबा दोऱ्याला टेकला.

"उचलला! आबा, डबा उचलला तिनं!" मी चक्क नाचलो.

आबा डोळे बारीक करून वाकले. "सुपारीसकट?"

"सुपारीसकट!"

"भाऊजी," पडद्याआडून वहिनीचा आवाज आला, "तुमी काहून नाचून राह्यले? माही चूल गेली न!"

माझे पाय जमिनीवर आले. मी आबांचंच म्हणणं सिद्ध करून बसलो होतो.

"पुन्याले धाडलं ते वाया नाही गेलं," आबा मिशीत हसले. "बापाचं खरं करून दाखवलं पोरानं."

"सारीच माती फुगते का पन?" पडदा पुन्हा बोलला. "एखादी मुकाट बसत असन न?"

मुरूम! मी टोपलं घेऊन नाल्याकडे पळालोच. दुसऱ्या दिवशी तीच अधोली, तोच डबा, तोच दोरा. आबा राखणीला बसले. डब्याला हात लावायचा नाही म्हणून दिवसभर पान नाही, चिडचिड मात्र भरपूर. "हालला का रे?" "नाही, आबा." "नीट पाह्य!" दिवेलागणीपर्यंत मुरूम ढिम्म होता. आबांनी झडप घालून डबा उघडला, विडा तोंडात कोंबला आणि बोलले, "उद्या खोदाले लावा."

कठीण मुरूम लागेपर्यंत काळी उपसली. भिंतीखालीच नव्हे, चुलीखाली, मोरीखालीही मुरूम भरून, पाणी मारून, धुमसानं चोपला आणि वर स्वयंपाकघर उभं केलं. पावसाळा गेला.

दिवाळीला आलो तो जोडे न काढताच परसात धावलो. भिंतींना एक भेग नाही! नव्या भिंतीच्या कोनाड्यात आबांचा डबा, वर ताणलेला दोरा. आबा रोज सकाळी आधी दोरा पाहत आणि मग पान खात.

बैठकीत माणसं बसली होती. वहिनीनं मिरच्यांची फोडणी दिली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी खणखणीत खोकली.