आतला खिसा

चॅरिटी शॉपला द्यायला जुना काळा ओव्हरकोट काढला आणि माझा हात आपोआप त्याच्या आतल्या खिशात गेला. नव्वदच्या सुमारास कार्डिफमध्ये मी एड्सवर संशोधन करत होते. रक्त गारठलं की त्यातल्या पेशी बिघडायच्या, म्हणून हिवाळ्यात वॉर्डातून रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये जाताना रक्ताची नळी मी याच खिशात, छातीशी धरून न्यायची. त्यातला एक पेशंट माझ्याच वयाचा होता, शाळेत पियानो शिकवणारा; आजाराने नुसती हाडं उरली होती. एका दुपारी त्याचं रक्त घेऊन मी सुई काढल्यावर तो हसून म्हणाला, "डॉक्टर, थंडी लागू देऊ नका हं त्याला." लॅबमध्ये मी पेशी वेगळ्या करून त्यात निळा रंग मिसळला. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावणार तोच फोन वाजला. वॉर्डातली नर्स म्हणाली, "डॉक्टर, तो आत्ताच गेला." फोन ठेवून मी वाकून पाहिलं. त्याच्या पेशी लख्ख चमकत होत्या, एकही निळी नव्हती. "देऊन टाकू ना हा कोट?" यांनी दारातून विचारलं. "नको हो, थंडी आहे अजून," मी म्हटलं. माझा हात खिशातच होता.